पुसलेल्या फिती आणि पस्तीस हत्ती

गेली दोन वर्षे दर शुक्रवारी संध्याकाळी मी एका मित्राच्या घरी जातो. चहा होतो, भडंगाची वाटी मध्ये येते आणि आम्ही दोघे निवृत्त गृहस्थ ब्रिटिश दूरचित्रवाणीवरची साठ वर्षांपूर्वीची एक विज्ञानमालिका पाहत बसतो. मालिकेचे नाव ‘डॉक्टर हू’. तिच्या तबकड्या मित्राच्या मुलीने लीड्सहून पाठवल्या. प्रत्येक कथा संपली की एका लांब वहीत तिचे नाव, प्रक्षेपणाचे वर्ष, दोन ओळींचे परीक्षण आणि दहापैकी गुण अशी नोंद होते. गुणांवरून आमची भांडणे होतात. मी आयुष्यभर महाविद्यालयात इतिहास शिकवला, त्यामुळे प्रत्येक गोष्टीला पुरावा मागायची मला खोड आहे. मित्राला आठवणींवर विश्वास ठेवायची खोड आहे.

आठवणी त्याच्याकडे खरोखरच आहेत. त्याचे वडील डॉक्टर. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत भारतातून जे अनेक डॉक्टर गेले, त्यांपैकी ते एक. 1963 च्या उन्हाळ्यात आईचे बोट धरून सात वर्षांचा मुलगा साताऱ्याहून लंडनला पोहोचला. शाळेत तो इंग्रजी भराभर शिकला. आईला ते यायला वेळ लागला. शनिवारी संध्याकाळी दोघे टीव्हीसमोर बसत आणि मुलगा आईला मराठीत गोष्ट सांगत राही. ती गोष्ट बहुतेक वेळा ‘डॉक्टर हू’ची असे.

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक तऱ्हेवाईक म्हातारा प्रवासी आहे. त्याचे यान बाहेरून लंडनच्या रस्त्यावरच्या पोलिसांच्या निळ्या टेलिफोन-खोक्यासारखे दिसते आणि आतून एखाद्या दिवाणखान्याएवढे मोठे आहे. ते अवकाशात जाते तसेच काळातही जाते. पहिल्या कथेत त्याच्याबरोबर त्याची नात आणि तिच्या शाळेतले दोन शिक्षक असतात. इअन विज्ञानाचा, बार्बरा इतिहासाची. ही निवड मुद्दाम केलेली होती. बीबीसीच्या नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन यांना मुलांची करमणूक तर हवीच होती, पण एका कथेत विज्ञान आणि दुसऱ्या कथेत इतिहास असे काही शिक्षणही हवे होते. निर्मितीची जबाबदारी त्यांनी व्हेरिटी लँबर्ट या सत्तावीस वर्षांच्या तरुणीवर टाकली. पहिल्या कथेचे दिग्दर्शन केले वारिस हुसेन यांनी. त्यांचा जन्म 1938 चा, लखनौचा. ‘सनलाइट ऑन अ ब्रोकन कॉलम’ या कादंबरीच्या लेखिका अतिया होसेन या त्यांच्या आई. बीबीसीच्या त्या काळच्या स्टुडिओत एक तरुण स्त्री निर्माती आणि चोविशीतला भारतीय दिग्दर्शक ही जोडी किती वेगळी दिसत असेल याची कल्पना करता येते.

पहिला भाग शनिवारी, 23 नोव्हेंबर 1963 रोजी दाखवला गेला. आदल्याच दिवशी अध्यक्ष केनेडींची हत्या झाली होती. त्या बातम्यांच्या गदारोळात आणि काही ठिकाणी वीज गेल्यामुळे तो अनेकांना पाहता आला नाही. म्हणून पुढच्या शनिवारी, 30 नोव्हेंबरला, दुसऱ्या भागाच्या आधी पहिला भाग पुन्हा दाखवला गेला. म्हणजे या मालिकेचा आरंभच पुनःप्रक्षेपणाने झाला. पुढे जे घडले ते पाहता हा योगायोग मला फार बोलका वाटतो. कारण नंतरची दहा-पंधरा वर्षे ‘पुन्हा’ हा शब्द या मालिकेच्या वाट्याला फारसा आलाच नाही.

आमच्या वहीतले पहिले पान सांगते: पहिला भाग 9 गुण, त्यापुढचे आदिमानवांचे तीन भाग 4 गुण. पुढची डालेकांची कथा 8. (मी सात म्हणत होतो. मित्राने बालपणाचा एक गुण वाढवून घेतला.) पाहताना एक गोष्ट मात्र आम्हा दोघांच्याही नजरेत भरली. डॉक्टरची भूमिका करणारे विल्यम हार्टनेल संवादांत अडखळतात, शब्द उलटेसुलटे करतात, सावरतात आणि पुढे जातात. हे काढून का टाकले नाही? दृश्य पुन्हा का घेतले नाही?

त्याचे उत्तर फितीत आहे. तेव्हाची चित्रफीत दोन इंच रुंद होती, महाग होती आणि तिचे संकलन म्हणजे ती प्रत्यक्ष कापून जोडणे. कापलेली फीत पुन्हा वापरायला तितकीशी चांगली राहत नसे. म्हणून आठवडाभर तालीम करायची आणि एका संध्याकाळी स्टुडिओत जवळजवळ सलग, नाटकासारखा, पंचवीस मिनिटांचा भाग उरकायचा अशी पद्धत होती. फार मोठा घोटाळा झाला तरच थांबायचे. हार्टनेलचे अडखळणे आज आपल्याला दिसते ते फीत पुन्हा वापरायची होती म्हणून. आणि फीत पुन्हा वापरायची होती म्हणूनच त्यांचे कित्येक भाग आज आपल्याला दिसत नाहीत.

1963 ते 1969 या सहा पर्वांत ‘डॉक्टर हू’चे 253 भाग कृष्णधवल स्वरूपात झाले. त्यांतले नव्वदहून अधिक भाग आज चित्ररूपात उपलब्ध नाहीत. आग लागली नव्हती, पूर आला नव्हता, युद्ध झाले नव्हते. बीबीसीनेच ते पुसले.

हे ऐकले की पहिली प्रतिक्रिया संतापाची होते. माझीही झाली. पण कारणे पाहू लागलो तेव्हा खलनायक सापडेना. एकतर कलाकारांच्या संघटनेशी झालेल्या करारामुळे पुनःप्रक्षेपणावर मर्यादा होत्या. जुनेच कार्यक्रम परत परत दाखवले तर नव्या कामाचे काय, ही नटांची भीती अगदी रास्त होती. ठरावीक मुदतीनंतर जुना भाग दाखवायचा तर नव्याने परवानगी आणि नव्याने पैसे. दुसरे असे की परदेशी विक्रीसाठी प्रत्येक भागाची 16 मिलिमीटर फिल्मवर प्रत काढली जाई. ती प्रत आहे ना, मग मूळ फीत कशाला अडवून ठेवायची? 1967 पासून फिती पुसल्या जाऊ लागल्या. पुढे रंगीत दूरचित्रवाणी आली, कृष्णधवल मालिकांना गिऱ्हाईक उरले नाही, विक्रीचे हक्कही संपत आले. मग सत्तरच्या दशकात विक्रीविभागाने त्या फिल्मच्या प्रतीही नष्ट करायला सुरुवात केली. फिती सांभाळणाऱ्यांना वाटले, फिल्म विक्रीवाल्यांकडे आहे. विक्रीवाल्यांना वाटले, जतन करणे हे ग्रंथालयाचे काम. आणि फिल्म ग्रंथालय मुख्यतः फिल्मवर चित्रित झालेले कार्यक्रम सांभाळत होते. प्रत्येक खात्याने आपापले काम नियमाप्रमाणे केले. सरकारी कचेरीत ज्याने कधी जुनी फाइल शोधली आहे त्याला हे चित्र अनोळखी वाटणार नाही.

1978 मध्ये हा नाश थांबला. इअन लेविन नावाच्या एका चाहत्याने विक्रीविभागात जाऊन चौकशी केली तेव्हा डालेकांच्या पहिल्या कथेच्या प्रती नष्ट करण्याच्या यादीत होत्या. त्या वाचल्या. त्याच सुमारास बीबीसीने अभिलेखागारासाठी निवड करणारे पद निर्माण केले आणि स्यू मॅल्डन यांनी काय आहे, काय नाही याची पद्धतशीर मोजदाद सुरू केली. घरोघरी व्हिडिओ येऊ लागल्यावर जुन्या मालिकेला पुन्हा किंमत आली. त्याआधी पुन्हा पाहण्याची सोय नव्हती, तेव्हा ब्रिटिश मुले काय करत? पुन्हा वाचत. 1973 पासून या कथांची स्वस्त पुस्तके निघू लागली आणि एका पिढीने ‘डॉक्टर हू’ पाहण्याऐवजी वाचूनच पाठ केली.

हरवलेले शोधण्याची कथा मूळ मालिकेपेक्षा कमी चित्तथरारक नाही. परदेशी वाहिन्यांना पाठवलेल्या फिल्म वापरानंतर परत करायच्या किंवा नष्ट करायच्या किंवा पुढच्या देशाला पाठवायच्या, असा शिरस्ता होता. जिथे तो पाळला गेला नाही तिथे भाग वाचले. ‘द टूम ऑफ द सायबरमेन’ ही पूर्ण कथा हाँगकाँगमध्ये सापडली आणि 1992 मध्ये लोकांना पुन्हा पाहायला मिळाली. 1983 मध्ये लंडनच्या एका चर्चच्या इमारतीच्या तळघरात दोन भाग सापडले. 2013 मध्ये नायजेरियातल्या जोस इथल्या प्रसारण केंद्रात सापडलेले नऊ हरवलेले भाग जाहीर झाले. ऑस्ट्रेलियातला प्रकार तर विलक्षण आहे. तिथल्या सेन्सॉरने मुलांना भीती वाटेल म्हणून काही दृश्ये कापली. पुढे ते भागच नाहीसे झाले, पण कापलेले तुकडे सरकारी दफ्तरात नीट नोंदवून ठेवलेले होते. नव्वदच्या दशकात चाहत्यांनी ते शोधून काढले. म्हणजे काही भागांतले लोकांनी पाहू नये असे ठरवलेले तेवढेच उरले.

आणखी दोन प्रकारचे अवशेष आहेत. जॉन क्युरा नावाचा एक लंडनकर घरच्या टीव्हीच्या पडद्याची छायाचित्रे काढून दिग्दर्शकांना आणि नटांना विकायचा धंदा करी. नटाला आपले काम दाखवायला दुसरे काही साधन नव्हते. एकेका भागाची अशी साठ-सत्तर छोटी छायाचित्रे निघत. दुसरा अवशेष ध्वनीचा. काही शाळकरी मुलांनी टीव्हीच्या स्पीकरपुढे मायक्रोफोन धरून, घरच्यांना गप्प बसवून, भाग टेपरेकॉर्डरवर उतरवले. त्यांचे संग्रह पुढे एकत्र आले. त्यामुळे आज एकही भाग असा नाही की ज्याचा आवाज आपल्याकडे नाही. चित्रे नव्वदहून अधिक भागांची गेली, पण आवाज सगळ्यांचा आहे.

मराठी वाचकाला हे समजायला जड जाऊ नये. बालगंधर्वांची रंगभूमीवरची भामिनी किंवा सिंधू आपल्यापैकी कोणी पाहिली? आपल्याकडे ध्वनिमुद्रिका आहेत, छायाचित्रे आहेत आणि ज्यांनी पाहिले त्यांच्या आठवणी आहेत. एवढ्या सामग्रीवर आपण त्या भूमिका मनात उभ्या करतो. आणि ‘आलम आरा’ या 1931 च्या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते 1964 मध्ये. तोवर बरेच काही गेले होते.

त्याच 1964 मध्ये, 22 फेब्रुवारी ते 4 एप्रिल या सात शनिवारी, ‘डॉक्टर हू’ची ‘मार्को पोलो’ ही कथा झाली. आता मूळ मुद्द्याशी येतो.

‘मार्को पोलो’ ही मालिकेतली चौथी कथा. काळ 1289, पामीरपासून पेकिंगपर्यंतचा प्रवास, आणि कुठलाही राक्षस किंवा यंत्रमानव नाही. सातपैकी सहा भागांचे दिग्दर्शन वारिस हुसेन यांचे. चौथा भाग जॉन क्रॉकेट यांनी केला. सातही भाग नष्ट झाले आहेत. क्युराने काढलेली त्यांची छायाचित्रे पुढे हुसेन यांच्याच खाजगी संग्रहात मिळाली, पण सहाच भागांची. चौथ्या भागाची नाहीत, कारण तो त्यांचा नव्हता! आमची वही पाहताना मला आणखी एक गोष्ट जाणवली होती. ज्या ऐतिहासिक कथांसाठी ही मालिका अर्धी निर्माण झाली, त्यांतल्या पाच कथा संपूर्ण गेल्या: मार्को पोलो, ट्रॉयचे युद्ध, पॅरिसमधले 1572 चे हत्याकांड, कॉर्नवॉलचे चाचे आणि स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले बंड. डालेक शिल्लक राहिले ते निदान चार लोकांना आठवत होते म्हणून. इतिहासाचा वाली कोण असणार?

पहिल्या फेरीत आम्ही ‘मार्को पोलो’ वगळली. ध्वनिमुद्रण 2003 मध्येच बाजारात आले होते आणि मित्राकडे त्याच्या तबकड्या होत्या. पण तो ऐकायला तयार नव्हता. “मला ती पाहायची आहे,” तो म्हणायचा. “नायजेरियात सापडले ना? तसे हेही सापडेल. मग पाहू.” त्याच्या घरात या कथेला वेगळे स्थान होते. त्यात डॉक्टर आणि कुब्लाई खान फाशांचा खेळ खेळतात आणि दरबारात पस्तीस हत्ती येतात, हे दृश्य मायलेकांनी एकत्र पाहिलेले. 1971 मध्ये कुटुंब परतल्यावर त्याची आई साताऱ्यात शेजारणींना सांगे, “लंडनमध्ये काय पाहिले विचाराल, तर हत्ती पाहिले. एक ना दोन, पस्तीस.” मी स्वतः तिच्या तोंडून हे ऐकले आहे. ती जाऊन आता पंचवीसहून अधिक वर्षे झाली.

या जूनमध्ये एका शुक्रवारी तो आपणहून म्हणाला, “लाव ती मार्को पोलो. किती दिवस थांबायचे?”

तीन शुक्रवार लागले. चित्र नाही म्हणून आम्ही छायाचित्रे समोर ठेवून ऐकत होतो. मधले दुवे जोडणारे निवेदन विल्यम रसेल यांचे आहे, म्हणजे 1964 मध्ये तरुण इअन झालेल्या नटाचा म्हातारपणचा आवाज. गोष्ट म्हणून ती उत्तम आहे. गोबीच्या वाळवंटात पाणी संपते तेव्हा रात्रीच्या थंडीने यानाच्या आत दव धरते आणि सगळ्यांचा जीव वाचतो. त्यामागचे विज्ञान इअन ओघात समजावतो. बांबू विस्तवात टाकला की फटाक्यासारखा का फुटतो, हेही कथेच्या गरजेतून येते. मार्को पोलो स्वतः चांगला माणूस आहे, तरी त्याला मायदेशी जायचे असल्यामुळे तो डॉक्टरचे यान खानाला नजराणा म्हणून द्यायला निघतो. असा प्रतिस्पर्धी मुलांच्या मालिकेत विरळा. दोष सांगायचा तर मंगोल आणि चिनी पात्रे बहुतेक ब्रिटिश नटांनीच रंग फासून केली आहेत, आणि ते छायाचित्रांत आज चांगलेच खुपते. आम्ही दोघांनी तसे वहीत लिहिले.

शेवटच्या भागांपर्यंत आलो. संधिवाताने वाकलेला खान आणि कंबर धरून चालणारा डॉक्टर यांची मैत्री जमते, बॅकगॅमनचा पट मांडला जातो, आणि डॉक्टर आपल्या जिंकलेल्या वस्तूंची यादी सांगू लागतो. त्यात पस्तीस हत्ती आहेत. घोडे आहेत, वाघ आहेत, ब्रह्मदेशाचा वर्षभराचा व्यापार आहे. आहे ती फक्त यादी. एक माणूस बोलतो आहे आणि दुसरा ऐकतो आहे. हत्ती कुठेही येत नाहीत. लंडनच्या लाइम ग्रोव्ह इथल्या छोट्याशा स्टुडिओत हत्ती येणार तरी कुठून!

मित्राने तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. मग आणखी एकदा.

“अरे, पण मी पाहिलेत,” तो म्हणाला. “एकामागून एक. झुली घातलेले.”

मी काही बोललो नाही. छायाचित्रे पुन्हा पाहिली. खान, पट, डॉक्टरचा लांब चेहरा. थोड्या वेळाने तोच हळूहळू जुळवू लागला. आईला हे सगळे मराठीत सांगायचे होते. घोडे, व्यापार हे तिला काय सांगणार? पण हत्ती म्हटले की ती खूश होई. औंधच्या आणि साताऱ्याच्या मिरवणुकींतल्या हत्तींच्या गोष्टी तिनेच त्याला सांगितलेल्या. तेव्हा आठ वर्षांच्या पोराने हत्ती दरबारात आणले असणार, त्यांच्यावर झुली घातल्या असणार. तिने ते त्याच्या तोंडून ‘पाहिले’. आणि ती पुढे इतक्यांदा ते सांगत राहिली की शेवटी त्यानेही पाहिले.

“म्हणजे हत्ती मीच आणले होते,” तो म्हणाला आणि हसला. मग चहा ठेवायला आत गेला आणि बराच वेळ आला नाही.

वर्गात मी मुलांना सांगत असे की आठवण हा कच्चा पुरावा आहे, तो दुसऱ्या साधनावर तपासून घ्यावा. इथे तो तपासला आणि खोटा ठरला. तरीही त्या संध्याकाळी मला जिंकल्यासारखे वाटले नाही. कोणा अनोळखी इंग्रज मुलाने मायक्रोफोन धरून ठेवला म्हणून हत्ती नव्हते हे आम्हाला कळले. पण 1964 च्या वसंतात लंडनच्या एका खोलीत एक बाई इंग्रजी कार्यक्रम पाहून हरखली होती आणि तिचा मुलगा तिच्यासाठी गोष्ट वाढवत होता, हे कुठल्याच फितीवर नव्हते. बीबीसीने काहीही पुसले नसते तरी ते मिळाले नसते. ते कळले केवळ आठवण चुकली म्हणून. जिथे ती चुकली तिथेच त्या दोघांचा ठसा होता. चुकीची साक्षही साक्षीदाराबद्दल खरे सांगते, हे मी वर्गात कधी म्हटल्याचे आठवत नाही. म्हणायला हवे होते.

उद्या नायजेरियात किंवा आणखी कुठे ‘मार्को पोलो’चे डबे निघाले तर मला आनंदच होईल. मित्राला विचारले, तर तो म्हणाला, “निघू देत. पाहू की.” पूर्वीची निकड मात्र त्यात नव्हती.

वहीतली नोंद त्याच्याच अक्षरात आहे. नाव, वर्ष, परीक्षणाच्या दोन ओळी. गुणांच्या रकान्यात मी आठ म्हणत होतो. त्याने नऊ लिहिले आणि पुढे कंसात कारण दिले: हत्तींचा एक.

या वेळी मी वाद घातला नाही.